रस ओतताना बोलायचं नाही

ओतारी एरवी बोलायला लागला की समोरच्याचा चहा गार व्हायचा. साच्याच्या वाळूत पाणी किती असावं, यावर तो तासभर बोले आणि पुरावा म्हणून ओल्या वाळूचा मुटका ऐकणाऱ्याच्या हातात ठेवे. गप्प बसायचा तो फक्त अ‍ॅल्युमिनियमचा रस ओतताना. धार मध्येच तुटली की आधीचा रस थिजतो, पार्टवर रेघ उमटते आणि पार्ट भंगारात जातो. तोंड उघडलं की हात हलतो, असं त्याचं ठाम मत होतं.

घरच्यांनी या मताचं सोनं केलं. काही मागायचं तर धार सुरू झाल्यावर मागायचं; ओतारी गप्प, म्हणजे कबूल. बायकोने अशीच शिलाई मशीन मिळवली, मेव्हण्याने तर त्याची स्कूटरच नेली. नंतर त्याने कितीही थयथयाट केला तरी बायको म्हणे, "तेव्हा का नाही बोललात?"

लेकीला मात्र ही भट्टीच हवी होती. "चटके खायला वाढवली का तुला?" म्हणत बाप दर वेळी उडवून लावायचा. शेवटी तीही आईच्या वाटेने गेली. एका टेम्पोच्या गिअरबॉक्सचं झाकण ओतायचं होतं, टेम्पोवाला दारात ताटकळत होता. धार सुरू झाली आणि लेक म्हणाली, "बाबा, उद्यापासून मी इथे कामाला येते."

"अजिबात नाही!" ओतारी ओरडला.

साचा फोडला, तर झाकणावर ही लांब रेघ. डबा घेऊन आलेली बायको हसू दाबत म्हणाली, "अहो, आज तुमच्या तोंडाचा भरवसा नाही. आता तिला ओतू द्या."

ओतारी चडफडला, पण झाकण पुन्हा वितळवलं, नवा साचा भरला. लेकीने लांब दांड्याची पळी उचलली, तसा तो तिच्या अगदी शेजारी जाऊन उभा राहिला. ती चुकली तर बरंच, असं त्याला वाटून गेलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

धार सुरू झाली.

"तुझी सायकल मामाला देऊन टाकतो," तो तिच्या कानाशी म्हणाला. लेक गप्प.

"तुझ्या आईपेक्षा भाजी मीच चांगली करतो."

बायको फणकारली. धार हलली नाही. मग ओताऱ्याचा आवाज उतरला.

"हात भाजला तर सांगशील ना? माझ्यासारखं लपवणार नाहीस ना?"

लेकीचे डोळे भरले. साचाही काठोकाठ भरला. पळी खाली ठेवून ती म्हणाली, "सांगेन. पण सायकल द्यायची नाही."

"तेव्हा का नाही बोललीस?" ओतारी म्हणाला. "सायकल गेली. उद्या सकाळी माझ्याबरोबर चालत यायचं."