उजवा पाय पुढे

कस्तुरी देवतळे माझ्या वरच्या मजल्यावर राहायला आली तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. मूळची नागपूरची. शहराच्या दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीच्या एका कंपनीत दुसऱ्यांनी केलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायचं काम करायची. आमच्या बनशंकरीहून मारतहळ्ळी म्हणजे जाऊन-येऊन तीन तास, कधी साडेतीन. ऑफिसजवळ घर का घेत नाहीस, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. तिकडे घेतलं तर सुट्टीच्या दिवशीही ऑफिसचेच लोक भेटतात, म्हणाली. उत्तर मला पटलं. किल्ली दिली.

तिचा इतिहास मला विचारावा लागला नाही. दर रविवारी सकाळी तिच्या आईचा फोन यायचा आणि ही फोन स्पीकरवर टाकून गच्चीत कपडे वाळत घालायची. भरतनाट्यम सात वर्षं केलं आणि अरंगेत्रमच्या, म्हणजे पहिल्या जाहीर कार्यक्रमाच्या, आधी सोडलं. जर्मनच्या दोन परीक्षा दिल्या, तिसरीला बसलीच नाही. पोहणं सोडलं. तनय नावाच्या मुलाशी साखरपुडा केला आणि पत्रिका छापायला जायच्या आठवड्यात तोही मोडला. त्या तनयबद्दल तिनं मला नंतर जे सांगितलं, ते ऐकून मीही तेच केलं असतं. पण आईच्या यादीत नाच, जर्मन आणि तनय एकाच रांगेत उभे होते. कस्तुरीनं स्केटबोर्ड विकत घेतल्याचं कळलं तेव्हा आई एवढंच म्हणाली, "हे केव्हा सोडशील ते आत्ताच सांगून ठेव, म्हणजे तेवढेच दिवस काळजी करते."

कस्तुरी हसली. पण कपड्यांची बादली तशीच ठेवून खाली आली आणि माझ्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "काकू, आई खोटं नाही बोलून राहिली. मी एकही गोष्ट शेवटाला नेलेली नाही. ही नेणार."

'ही' म्हणजे काय, ते तिनं मोबाइलवर दाखवलं. तिला स्केटबोर्ड शिकायचा नव्हता, त्यावरची एकच उडी शिकायची होती. तिला म्हणतात हॉस्पिटल फ्लिप. मी म्हटलं, नाव तरी प्रामाणिक आहे. माणूस फळीसकट उडतो. फळी हवेत अर्धी पलटते, चाकं वर येतात, तेवढ्यात पुढच्या पायानं तिला खालून अडवायचं आणि त्याच पायानं लोटून पुन्हा सुलटी करायची. तोवर तिचं मागचं टोक पुढे आलेलं असतं. मग दोन्ही पाय तिच्यावर टेकवून, जणू काहीच झालं नाही अशा चेहऱ्यानं पुढे जायचं. सगळा प्रकार एका सेकंदाचा. ही उडी फारसं कुणी करत नाही, इतर उड्या बऱ्या येऊ लागल्यावरच लोक तिच्याकडे वळतात. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं पहिल्या संध्याकाळी व्हिडिओ पाहिला आणि ठरवून टाकलं. नोकरीत इतकी चौकस असलेली बाई स्वतःच्या बाबतीत अशी.

आमच्या दोन गल्ल्यांपलीकडे समाजमंदिराच्या मागे सिमेंटचं एक मोकळं आवार आहे. सकाळी सहा ते आठ तिथे दहा-बारा स्केटवाले जमतात. कस्तुरीला तिथे शिकणाऱ्यांत उभं राहायची लाज वाटे. म्हणून ती घरासमोरच्या रस्त्यावर, मोबाइल कंपाउंडच्या भिंतीवर टेकवून, त्यातल्या माणसाकडे बघत शिकली. आठ महिने. नडग्यांवर निळे डाग, कोपराला पट्टी. मनगट मुरगळलं तेव्हा डाव्या हातानं टाइप करत ऑफिसचं काम केलं. साध्या उड्या कशाबशा येऊ लागल्या, पण फळी पायात परक्यासारखी असायची. मी रोज फाटकात पेपर घ्यायला यायची आणि म्हणायची, "पडलीस का? बरं, ऊठ."

आठ महिन्यांनी धीर करून ती आवारात गेली. माझ्या फिरण्याची वेळ तीच, म्हणून मीही. तिथे शिकवणारा दामोदर आमच्यातलाच, तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे दक्षिणेत आलेल्या मराठी घरातला. लांबच्या के. आर. पुरमहून भल्या सकाळी येतो, पुढे ऑफिस गाठतो. त्यानं कस्तुरीच्या चार उड्या पाहिल्या आणि म्हणाला, "अक्का, स्वल्प इकडे ये. तिकडे तोंड करून उभी राहा." ती उभी राहिली आणि त्यानं पाठीमागून तिला हलकेच ढकललं. तोल सावरायला तिचा डावा पाय पुढे पडला. त्यानं पुन्हा ढकललं. पुन्हा डावा. तिसऱ्यांदाही डावाच.

मग त्यानं विचारलं की फळीवर उजवा पाय पुढे ठेवायला तुला कुणी शिकवलं. तिनं मोबाइल काढून दाखवला. दामोदर पाहत राहिला. व्हिडिओतला माणूस डावा पाय पुढे ठेवूनच उभा होता. कस्तुरीनं सात वर्षं नाचाच्या वर्गात बाईंच्या समोर उभं राहून त्यांचा आरसा होण्याची सवय लावून घेतली होती. बाई समोरून जो हात उचलत त्याच्या समोरचा हिनं उचलायचा. तसंच इथे केलं. त्या माणसाचा डावा पाय, म्हणून हिचा उजवा. मी पस्तीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, त्यात आरसे दरवर्षी. आणि आठ महिने फाटकात उभी राहून मला हे दिसलं नाही. त्याबद्दल आणखी काही लिहीत नाही.

दामोदरनं सरळ सांगितलं. पाय बदल, पहिल्यापासून सुरू कर. उभं राहण्यापासून. उलट्या पायानं ही उडी आमच्यातल्या कुणालाही येत नाही.

त्यानंतर चार दिवस फळी जिन्याखाली भिंतीला टेकून होती. रविवारी आईचा फोन आला, तो तिनं घेतला नाही. पाचव्या दिवशी मी वर गेले आणि विचारलं की ठरलं काय. चूक कळली तर दुरुस्त करावी, आठ महिन्यांचं रडगाणं किती दिवस, असंही बोलले. जरा जास्तच बोलले.

"दुरुस्त करीन ना," ती म्हणाली. "पण आज पाय बदलला तर हेही अर्धवट टाकलं असंच होईल. लोकांना नाही कळणार, मला कळेल. आधी हे संपवते. मग ते सुरू करते."

मी म्हटलं, हा शुद्ध वेडेपणा आहे. दामोदरही तेच म्हणाला, फक्त सभ्य शब्दांत. तिनं दोघांनाही 'सरी', म्हणजे इकडच्या भाषेत 'बरं', म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी उजवा पाय पुढे ठेवून आवारात उभी राहिली.

पुढचे दहा आठवडे मी हिशेबानं पाहिले, कारण एव्हाना मलाही राहवेना. दामोदरनं वाद घालणं सोडलं आणि जे दिसे ते सांगू लागला. खांदे उघडू नको, फळीकडे बघ, पाय लवकर काढतेस. फळी अर्धी पलटायची, तिच्या पायाला लागायची आणि बाजूला जाऊन आपटायची. मग लागून थांबायला लागली. मग सुलटी व्हायला लागली, पण ही तिच्यावर एकच पाय घेऊन उतरायची.

एका शनिवारी दोन्ही पाय पडले. तिथली रीत अशी की कुणाची उडी साधली की सगळ्यांनी आपापल्या फळ्या जमिनीवर आपटायच्या. तोच टाळ्यांचा आवाज. त्यांनी आपटल्या. श्वेता नावाची एक मुलगी धावत येऊन मिठी मारायला लागली. कस्तुरीनं तिला हातानं थांबवलं.

"चवडा लागला," ती म्हणाली. "मागचा. जमिनीला लागला."

कुणी पाहिलं नव्हतं. मीही नव्हतं पाहिलं, आणि माझा चष्मा नवा आहे. श्वेता म्हणाली, इतकं चालतं गं. दामोदरनं आपटलेली फळी उचलून घेतली. नियम त्यालाही माहीत होता. जमिनीला काहीही लागलं तर उडी धरायची नाही. कस्तुरी फळी उचलून पुन्हा मागे गेली. त्या दिवशी आणखी बावीस वेळा पडली. येताना रिक्षा करावी लागली. रिक्षात मी तिला म्हटलं की खोटं बोलली असतीस तर मला घरी चालत जाता आलं असतं. ती इतकी हसली की ड्रायव्हरनं वळून पाहिलं.

त्यानंतर अकरा दिवसांनी, बुधवारी, फक्त सहा जण आले होते. ती धावली, उडाली, फळी पलटली, पायावर अडली, फिरली, आणि कस्तुरी तिच्यावर दोन्ही पायांनी उतरली. ऐटदार काही नव्हतं. कंबरेत वाकलेली, हात पंख्यासारखे फिरत होते. पण चाकं चारही खाली होती आणि ती पुढे जात राहिली, पार समाजमंदिराच्या मागच्या भिंतीपर्यंत. तिथे भिंतीला हात लावून थांबली. वळून तिनं आधी दामोदरकडे पाहिलं. दामोदर जमिनीवर गुडघा टेकून तिच्या पायांकडेच बघत होता. त्यानं मान हलवली आणि आपली फळी आपटली. मग बाकीच्यांनी.

मला वाटलं आता ही रडेल किंवा आईला फोन करेल. ती पाणी प्यायली, तिनं बुटाची नाडी बांधली, फळी पुन्हा मधे आणून ठेवली आणि डावा पाय पुढे ठेवला. उडी वगैरे काही नाही, नुसती उभी राहिली. फळी तिच्याखालून निसटून गेली आणि ती धप्पकन खाली बसली, पहिल्या दिवशी बसायची तशीच.

"दामोदर अण्णा," ती खालूनच म्हणाली, "नुसतं उभं कसं राहायचं ते सांगा."

त्यानं ऑफिसला उशीर होतोय का ते घड्याळात पाहिलं, आणि तिला उठवायला हात दिला.