अर्ध्यावर थांबलेले अंगठे

बेसिंगस्टोकहून लंडनला जाणाऱ्या सकाळच्या ट्रेनमध्ये शेजाऱ्याच्या कोटाला आग लागली, तरी लोक पेपराआडून फक्त 'सॉरी' म्हणतात. त्यामुळे रोज समोर बसणाऱ्या मराठी काकांना त्यांचा उद्योग विचारायला मला अख्खं वर्ष लागलं.

गाडी सुटली की काका टेबलावर दोन मुठी ठेवायचे, अंगठे सरळ वर. मग ते हळूहळू पुढे झुकवून आडवे करायचे. मी ऑफिसात ठोकून दिलं होतं, की ही ट्रेन काकांच्या अंगठ्यांवर चालते, ड्रायव्हर नुसता शोभेला.

एक दिवस अंगठे अर्ध्यावरच थांबले.

"काका, संधिवात का?"

"नाही हो. मुलगा अमेरिकेच्या मरीन्समध्ये पायलट आहे, सध्या इराकमध्ये. त्यांचं ते नवीन विमान पंखे वर करून हेलिकॉप्टरसारखं उठतं आणि मग पंखे पुढे वळवून विमानासारखं पळतं."

"चैन आहे की! आणि पंखे वळेपर्यंत ते काय असतं? विमान की हेलिकॉप्टर?"

"तेवढा वेळ त्यात फक्त माझा मुलगा असतो," काका म्हणाले. त्यांची नजर टेबलावरच्या मोबाइलवर होती. "उतरला की रोज मेसेज करतो. आज अजून आला नाही."

वोकिंग आलं, माझं उतरायचं स्टेशन. अंगठे तसेच होते. मी बसून राहिलो.

मोबाइल वाजला तो थेट लंडनला, वॉटर्लू या शेवटच्या स्टेशनवर. काकांनी वाचलं आणि अंगठे सावकाश आडवे केले.

ऑफिसात उशिराचं कारण मी सांगितलं, सिग्नल बिघडला होता.