वाटका रांजण

सोलापूरहून निघताना राहेलअक्कानं दशम्यांचं फडकं माझ्या हातात दिलं. "नगरला आईचं काही उरलंय का, तेवढं बघून ये," ती म्हणाली. "माझ्यानं आता प्रवास होत नाही." आई गेली आणि तिच्या मागोमाग आमचं नगरही सुटलं. मी पुढं मास्तर झालो, बदल्यांमागं फिरलो, आणि तिकडं जायचं राहूनच गेलं.

दौंडला गाडी बदलली. नगरच्या गाडीला नेहमीप्रमाणे उशीर होता. एवढं स्वराज्य आलं, पण ही गाडी काही वेळेवर येईना!

नगर स्टेशनावर टांगा केला. टांगेवाल्याला म्हटलं, "माळीवाड्याच्या वेशीतून घ्या."

"गर्दी लई हाय तिथं, सायेब. पर तुमी म्हनता तर घेतो."

लहानपणी ही वेस मला फार उंच वाटायची. आता टांग्यात बसूनही वाटेना. गोरे सोल्जर गेले होते आणि सिंधकडून आलेल्या निर्वासितांनी रस्त्याकडेला कापडाची दुकानं मांडली होती. मोटारस्टँडजवळच्या हॉटेलात शेव आणि चहा घेतला. पूर्वी आमच्यासाठी इथं बाहेर कोनाड्यात वेगळी कपबशी असे. आज पोऱ्यानं टेबल पुसून दिलं. जमाना बदलला म्हणावं, तर माझ्या अंगात कोट होता आणि कोटाला कुणी जात विचारीत नाही.

आमचे आजोबा ख्रिस्ती झाले. त्याआधी आम्ही गावकुसाबाहेरचे. भिंगारच्या पुढं, पाथर्डीच्या रस्त्यावर आमचं घर होतं. दारातल्या लिंबाखाली आई बाजारकरूंसाठी रांजण भरून ठेवी. अक्का त्याला सकाळ-संध्याकाळ ओलं गोणपाट गुंडाळायची. पण लोक त्याला 'बाटका रांजण' म्हणत आणि कोरड्या घशानं पुढं जात. आई दुसऱ्या दिवशी ते शिळं पाणी लिंबाला घाली आणि पुन्हा रांजण भरी. आमचा लिंब काय फोफावला होता!

तिसगावकडं जाणारी सर्व्हिस मोटार मिळाली. हँडल मारून मारून क्लीनर घामाघूम झाला, शेवटी आम्ही चौघांनी उतरून ढकलली तेव्हा ती सुरू झाली. कंडक्टरनं विचारलं, "कुटं उतरनार?"

"भिंगारच्या पुढं. रस्त्याला मोठा लिंब आहे तिथं."

"लिंब कवाच तोडला. वाटका रांजण म्हना की."

मला नीट ऐकू आलं नसावं असं वाटलं. "काय म्हणालात?"

शेजारी गाठोडं मांडीवर घेतलेली एक म्हातारी बसली होती. तीच म्हणाली, "वाटंवर रांजण हुता ना भाऊ, म्हनून वाटका रांजण. आता रांजण न्हाई, नावच ऱ्हायलंय."

मला हसू आलं नाही, रागच आला. ज्यांनी शिवी दिली त्यांनीच ती धुऊन पुसून स्वच्छ केली होती, आणि शिवीबरोबर माझी आईही पुसली गेली होती.

"कुणी ठेवला होता तो, मावशी?"

"आसंल कुनी पुन्यवान."

"माझ्या आईनं," मी जरा मोठ्यानंच म्हणालो. "आणि वाटका नव्हे. बाटका म्हणत लोक त्याला."

कंडक्टर उगाच पैसे चाळू लागला. म्हातारीनं पदर पुढं ओढला आणि मान खाली घातली.

"वाटका रांजण!" क्लीनर ओरडला. मी उतरलो. घराच्या जागी पत्र्याची शेड होती आणि तिथं ट्रकची चाकं दुरुस्त होत होती. लिंबाचं खोडसुद्धा राहिलं नव्हतं. अक्काला काय सांगावं, हे मला कळेना.

मोटार हलायच्या आत म्हातारी खिडकीतून वाकली. आजूबाजूला बघून हळूच म्हणाली, "भाऊ, म्या पेलंय त्यातलं पानी. नवी नवरी हुते, माह्यारी चालले हुते. लई गार हुतं. घरी आजून कुनाला सांगितलं न्हाई."

मी काही बोलायच्या आत मोटार निघून गेली. मी तिचं नावही विचारलं नव्हतं.

सोलापूरला पोचलो तेव्हा अक्का उंबऱ्यातच बसली होती. घर नाही, लिंब नाही, रांजण नाही, सगळं मी सांगत गेलो. शेवटी म्हातारीचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. अक्कानं डोळे पुसले, आपले दोन्ही तळहात उलटे करून पाहिले.

"गार होतं म्हणाली?"