नमुना नसलेला पंखा

हावड्याच्या कारखान्यांत तेव्हा एक रीत होती. विलायती यंत्राचा मोडका भाग नेऊन टाकायचा, की हुबेहूब तसाच ओतून मिळे. त्या मोडक्या भागाला नमुना म्हणत. स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली, तरी नमुन्यावाचून कोणी हातोडी उचलत नव्हतं.

माझ्या थोरल्या भावाने उचलली. घर मराठी, पण आम्हा दोघांचा जन्म कलकत्त्याचाच. वडील तागाच्या गिरणीत होते आणि तिथल्या धुळीने खोकून खोकून गेले. दादाने हावड्यातल्या आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये ती धूळ ओढून घेणारा पंखा बनवला आणि त्याच गिरणीत चालवून दाखवला. हवा साफ झाली. गिरणीचा गोरा साहेब खूश झाला. म्हणाला, "नमुना कुठला?"

दादा ऐटीत म्हणाला, "नमुना नाही. माझ्या डोक्यातला आहे."

तिथेच सगळं बिनसलं. लंडनच्या कचेरीला विचारल्याशिवाय खिळाही न ठोकणारा तो माणूस! शेजारच्या ओतशाळेचे मालक हळहळले, "बिलिती बोल्लेई होतो, दादा." म्हणजे विलायती आहे असं खोटं सांगितलं असतं, तर पंखा खपला असता. आजही हे लिहिताना माझं डोकं तडकतं.

दादाने सगळ्या गिरण्यांचे उंबरठे झिजवले. शेवटी कामासाठी कलकत्त्याला आलेल्या कोल्हापूरकडच्या एका कारखानदाराने पंखा नुसता चालताना पाहिला आणि त्याला बोलावून घेतलं. आई माझ्याजवळ कलकत्त्यातच, बालीगंजला राहिली. नातेवाईक म्हणाले, "बरं झालं, आपल्या माणसांत गेला." आपली माणसं म्हणे! त्याची आई इथे होती.

काही वर्षांनी त्याच गिरणीतले एक बाबू दारात आले. कोल्हापूरहून नवे पंखे आले होते, पण सोबतचा माहितीचा कागद चुकून मराठीतला आला होता. मराठी वाचणारं घर म्हणून कोणी आमचा पत्ता दिला. मी दार लावूनच घेणार होते. आईने कागद घेतला, त्यावरचं चित्र ओळखलं आणि त्यांना बसवून सगळं बंगालीत सांगितलं. वर चहा केला. मी आत भांडी आपटत होते.

उठताना बाबू म्हणाले, "फार चांगलं यंत्र आहे, मा. आपल्या इथे असं का होत नाही, कोण जाणे."

"इथेच झालं होतं," आई म्हणाली. "माझ्या मुलाने केलं होतं. तुम्ही त्याला राहू दिलं नाहीत."

बाबू गेल्यावर ती रडली. दादा गेला तेव्हासुद्धा रडली नव्हती.