आर्डिसचं दुसरं सर्टिफिकेट

आर्डिस म्हणजे आमच्या गावची नर्स. नुसती सुई टोचणारी नव्हे बरं का, तपासून औषध लिहून देणारी. डॉक्टर हवा तर बिलिंग्ज शहर गाठायचं, शंभर मैलांवर. म्हणजे आम्हाला तीच डॉक्टर. गुरंवाले, गहूवाले, त्यांची पोरंबाळं, सगळ्यांचा खोकला आणि बीपी तिच्याच खोलीत. पण मनाचं दुखणं आलं की तिचे हात बांधलेले. तेवढं तिचं शिक्षणच नव्हतं. दोन शब्द धीराचे द्यायची आणि म्हणायची, "बिलिंग्जला दाखवून ये." माणूस मान हलवायचा आणि घरी जायचा. एका हिवाळ्यात असाच मान हलवून गेलेला एक जण परत आलाच नाही. त्याच्या मयताहून आली आणि तिने ठरवलं, हेही शिकायचं. वय तेव्हा अठ्ठावन्न.

दोन वर्षं गेली त्यात. दिवसभर दवाखाना, संध्याकाळी कॉम्प्युटरवर अभ्यास. दर गुरुवारी बर्फातून गाडी हाकत बिलिंग्जला, तिथल्या एका जुन्या नर्सबाईंच्या हाताखाली शिकायला. नवरा कधीच सोडून गेलेला. मुलगा टेक्सासला, नाताळला फोन करायचा. घरात बोलायला भिंती. तिचं म्हणून एकच माणूस, लव्हर्न. दर रविवारी चर्च झालं की लव्हर्नच्या स्वयंपाकघरात दोघी कॉफी घेऊन बसायच्या, आणि लव्हर्न अभ्यासाच्या चिठ्ठ्या हातात धरून तिला प्रश्न विचारायची.

"हे औषधाचं नाव आहे का कुणाच्या नॉर्वेतल्या आजोबांचं?"

"तू फक्त वाच गं."

"वाचतेय. जीभ मोडली तर तूच बांधायची."

"जिभेचं सर्टिफिकेट नाही माझ्याकडे."

"मग तेही घे. नाहीतरी घरी कोण वाट बघतंय तुझी?"

आतल्या खोलीत टीव्ही बघत बसलेला लव्हर्नचा नवरा ऑर्व्हल खो-खो हसायचा.

आर्डिस पास झाली. लव्हर्नने केक केला आणि चर्चमध्ये सगळ्यांना सांगून टाकलं, "आता जपून बोला, हिला डोक्याच्या आतलं दिसतं." सगळे हसले. पण हसता हसता जपायलाही लागले. ती हॉटेलात शिरली की चाललेलं बोलणं थांबायचं आणि पावसापाण्याचं सुरू व्हायचं. मंगळवारी तिच्यापुढे रडून गेलेला माणूस बुधवारी पोस्टात भेटला की बुटांकडे बघायचा. माणसं येत होती, बरी होत होती. पण तिच्याशेजारी बसायला कुणी येईना. तिचे रविवार तेवढे उरले होते.

एप्रिलमध्ये ऑर्व्हल गेला. लव्हर्न वाळत चालली. आर्डिस जायची, जेवायला घालायची, ती दोन घास खाऊन ताट सारायची. जूनमध्ये एका मंगळवारी ती दवाखान्यात येऊन बसली.

"कॉफी प्यायला आलीस?" आर्डिसने विचारलं.

"नाही. नंबर लावलाय मी."

आर्डिसने तिला आत घेतलं. "लव्हर्न, बिलिंग्जच्या बाईंशी तुझं बोलणं लावून देते. कॉम्प्युटरवर, घरबसल्या."

"काचेतल्या बाईपुढे मी काय बोलू?"

"अगं, मी तुझी मैत्रीण. मैत्रीण आणि नर्स दोन्ही होता येत नाही मला."

"मैत्रिणी केक आणतात. पाच पडलेत फ्रीजमध्ये."

आर्डिसने मग शिकवलं होतं तसं सरळच विचारलं, "जीव द्यावासा वाटतो?"

लव्हर्न पर्सची कडी उघडमीट करत राहिली. "काल ऑर्व्हलची बंदूक पुसली. तेल दिलं. कशाला दिलं, मलाच कळेना."

आर्डिसने खुर्ची तिच्याजवळ ओढली. दुसऱ्याकडे पाठवायची गोष्ट तिथेच संपली. लव्हर्नला विचारून तिच्यासमोरच शेजाऱ्याला फोन केला, आणि संध्याकाळच्या आत त्याने घरातल्या सगळ्या बंदुका नेऊन आपल्या कपाटात कुलूपबंद केल्या. भाचीला सोबतीला बोलावलं. औषध सुरू केलं. दर मंगळवारी अडीच वाजता यायचं ठरलं.

निघताना आर्डिस म्हणाली, "रविवारी आता मी..."

"माहितीये. पेशंटच्या घरी कॉफीला जायचं नाही. ती चिठ्ठी मीच तुझ्याकडून पाठ करून घेतली होती."

पानगळीत चर्चचं जेवण होतं. लव्हर्नच्या अंगावर मांस आलं होतं. बायकांच्या घोळक्यात ती काहीतरी सांगत होती आणि सगळ्या हसत होत्या. आर्डिसला ताट घेऊन येताना बघितलं, तशी बाकावर जरा सरकली, जागा केली. आर्डिसने मान हलवून ओळख दिल्यासारखं केलं आणि लांबच्या टेबलाकडे वळली.

तिथे वाढणाऱ्या बाईने हळूच विचारलं, "तुम्हा दोघींचं काय बिनसलं गं? ती बिचारी नवरा जाऊन एकटी पडली, आणि तू तिच्या घराची पायरी चढत नाहीस."

उपचाराचं कुणापाशी बोलायचं नसतं.

"माझंच चुकलं असेल," आर्डिस म्हणाली, आणि बटाट्यांसाठी ताट पुढे केलं.

"शिकली की माणसं अशीच होतात," बाई म्हणाली, आणि एक डाव वाढला.