दुपारचे आंबे

आंबा दोन्ही तळहातांत धरायचा, डोळे मिटायचे आणि मान हलवायची. "हो आंबो गरम आसा. माझ्या आढयेत येवचो नाय."

आमच्या आढीवाल्या म्हाताऱ्याचं हे दिवसभर चालायचं आणि माझं डोकं फिरायचं. पेंढ्यात आंबे पिकत घालायला वडिलांनी त्याला ठेवलं होतं. वागायचा मात्र बागेचा मालक असल्यासारखा. आंबे उन्हं चढायच्या आत उतरवायचे. कातळावर टेकवायचे नाहीत. कातळावरच्या झाडांची आढी वेगळी. जरा कुठे चूक झाली की सुरू: "भायरसून कळणा नाय रे, आतून नासता. साको धरता." आम्ही आंब्यात जन्मलेले, आणि हा आम्हाला साका शिकवणार! अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती बरोबर असतात, म्हणूनच सहन होत नाहीत.

त्या वर्षी बहिणीचं लग्न झालं होतं. पहिल्या मोसमाची पेटी बोटीने मुंबईला तिच्या सासरी जायची होती. लग्नातच मानपानावरून खटका उडालेला, त्यामुळे आईचा सगळा जीव त्या पेटीत. म्हातारा म्हणाला, "उन्हां चढली. ह्या बोटीक नको. फुडच्या बोटीक घाल."

मी वैतागलो. तो जेवायला घरी गेला तशी भर दुपारी कातळावरची झाडं उतरवली, आंबे तिथेच पसरून निवडले आणि पेटी धाडली. दिसायला एकेक आंबा देखणा.

पंधरा दिवसांनी बहिणीचं पत्र आलं. पाहुण्यांसमोर आंबे कापले, तर कोयीभोवती तपकिरी, आंबूस गर. सासू म्हणाली, "माहेरच्यांनी निवडून पाठवले वाटतं!"

वडील आढीवर आले. "पेटी कोणी भरली?"

मी तोंड उघडणार, तोच म्हातारा म्हणाला, "मिया भरलंय, भाऊनू."

कोणी सांगितलं होतं याला? आणि मी तरी गप्प का राहिलो? वडिलांनी त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं.

संध्याकाळी मी त्याच्या घरापुढच्या खळ्यात गेलो. "खोटा कित्याक बोललंस?"

तो माझ्यावरच चिडला. "अक्कल आसा तुका? तुझ्या भयणीक सासरी सांगूक बरा. गड्याची चूक. भावाची नाय."

बहिणीला तसंच कळवलं. तिच्यावरचं बालंट टळलं. म्हाताऱ्याला परत बोलवा, असं वडिलांना सांगायचा धीर मला दोन मोसमांनी झाला. तोवर तो वारला होता.

आजही बहिणीच्या घरी आंबा कापताना कोणीतरी त्या निष्काळजी गड्याची गोष्ट काढतं. सगळे हसतात, बहीणही. मी समोर बसून आंबा खातो.