आत्याबाईंचं लोणी आणि नाताळचा केक

माझ्या सासूबाईंचं नाव मनकर्णाबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणायची रीत आहे, म्हणून मीही तेच म्हणते. सिल्लोडजवळच्या गावात त्यांनी तीस वर्षं म्हशी सांभाळल्या, घरोघर दूध घातलं, आणि माणसं दुधात काय काय मिसळतात ते सगळं डोळ्यांनी पाहिलं. बजाजनगरात येऊन दहा वर्षं झाली, तरी दूधवाल्यानं दूध ओतलं की पहिला थेंब त्यांच्या अंगठ्याच्या नखावर जातो. थेंब घरंगळला की दूधवाल्याची खैर नाही. दूधच कशाला, हळद, मध, मी केलेली आमटीसुद्धा त्या आधी हुंगतात. लग्नानंतर सहा महिने मला वाटायचं, माझ्यातच काही खोट आहे.

आमच्या समोर एस्तेरबाई शिरसाठ राहतात. निवृत्त नर्स, घरात एकट्याच, मुलगी नाशिकला दिलेली. दिवाळीत आमचं फराळाचं ताट त्यांच्याकडे जातं, नाताळात त्यांचं आमच्याकडे येतं. त्यांच्या ताटात करंज्या, चकल्या आणि कागदात गुंडाळलेला एक छोटा केक. करंज्या-चकल्या आत्याबाई हुंगून का होईना, खातात. केक नाकाशी नेला की मात्र म्हणतात, "यात अंडं हाय." त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, अंडं चालत नाही. मग तो केक पदराखालून गेटवरच्या वॉचमनकडे, कडुबाकडे जातो. ताट परत देताना एस्तेरबाई विचारतात, "केक कसा झाला होता?" आणि आत्याबाई तोंड भरून सांगतात, "लई गोड." नऊ वर्षं हे असंच चाललं होतं, आणि घरात माझ्याखेरीज कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

नाताळच्या आधी एस्तेरबाई दरवर्षी आमच्याकडून वाटीभर घट्ट दही न्यायच्या. आत्याबाईंना त्याचाही संशय. "मला म्हणती, थंडीत दही खाऊ नका, कफ व्हतो. आन् आपण वाटी भरून नेती. कशापायी?"

यंदा दही नेल्यावर दोनच दिवसांनी एस्तेरबाई न्हाणीत घसरल्या आणि उजव्या मनगटाला प्लास्टर बसलं. केक भाजून झाले होते, वरचं आयसिंग राहिलं होतं. नाताळला मुलगी-जावई आणि पहिल्यांदाच जावयाचे आईवडील यायचे होते. त्या आत्याबाईंना म्हणाल्या, "वरचा पांढरा थर तेवढा तुम्ही करून द्या. तुमचा हात लोण्यात मुरलेला आहे."

घरी येताच आत्याबाईंनी दार लावून घेतलं. "मलाच का? बेकरीत देता येत नाय? नक्की तिला काय तरी कळलंय. आता म्हणंल, चव बघा. नाय म्हणलं की इचारंल, मग नऊ वर्षं काय खाल्लं?"

मला हसू येत होतं, पण धास्तीही वाटत होती. आत्याबाईंना न्यूमोनिया झाला तेव्हा बारा दिवस इंजेक्शनं याच बाईंनी घरी येऊन दिली होती. (तेव्हाही आत्याबाईंनी बाटली आधी हुंगलीच.) असा शेजार एका केकापायी तुटला असता, तर आम्हाला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी शहरात केकचं सामान मिळतं त्या दुकानात गेलो. आयसिंग म्हणजे काय, हे दोघींनाही धड ठाऊक नव्हतं. दुकानदारानं आधी क्रीमचा डबा काढला. मी त्यावरचं वाचून दाखवलं: यात दूध नाही, वनस्पती तेल आहे.

"दूध नाय आन् क्रीम?" आत्याबाई म्हणाल्या. "आमच्याकडचे लबाड निदान लपवायचे तरी."

मग फाँडंट निघालं. साखरेची मळलेली कणीकच ती, लाटून केकवर पांघरायची. आत्याबाईंनी बोटानं दाबून पाहिलं. "ही तर भिंतीला भरायची लांबी हाय." तिसरी रॉयल आयसिंगची पूड, वाळल्यावर कडक आणि चकचकीत होणारी. पण तिच्यात अंड्याचा पांढरा भाग होता. ते पाकीट त्यांनी पदरानं धरून परत सरकवलं.

राहिलं बटरक्रीम, म्हणजे लोणी आणि पिठीसाखर. हे मात्र ओळखीतलं निघालं. लोणी घरचंच काढायचं ठरलं. पिठीसाखरेची चिमूट बोटात चोळून आत्याबाई म्हणाल्या, "यात मका हाय."

"उसमें रैता थोडा, अम्मा," दुकानदार म्हणाला. "पाकिट पे लिखा है."

"सिल्लोडची हाय मी. मक्याचं पीठ मला डोळं झाकून कळतं." भेसळ पकडल्याच्या आनंदात त्या रिकाम्या हातानं घरी आल्या. मग साखर मिक्सरमधून काढली, दोनदा चाळली, विरजलेली साय घुसळली आणि लोण्याचा गोळा घेऊन आम्ही समोर गेलो.

ओट्यावर एक मोठा केक आणि शेजारी एक छोटा होता. "आधी छोट्यावर करून बघा," एस्तेरबाई खुर्चीत बसून म्हणाल्या. आत्याबाईंनी लोणी आणि साखर फेटली, सुरीनं थर दिला. सुरेख दिसत होता. दहा मिनिटांत कडेनं पाणी सुटलं आणि थर खाली घसरू लागला. आत्याबाईंनी वाकून हुंगलं. ताकाचा वास येत होता. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मीच काही कालवलं.

"लोणी विरजणाचं आहे ना? त्यात ताक राहतं," एस्तेरबाई म्हणाल्या. "बर्फाच्या पाण्यात धुऊन फडक्यात पिळा. आणि साखरेत चमचाभर कॉर्नफ्लोअर हवं. मका पाणी धरून ठेवतो."

आत्याबाईंनी पदर खोचला. उरलेलं लोणी पाच पाण्यांनी धुतलं, पिळलं, साखरेत मका मिसळला, घसरलेला थर खरवडून नवा दिला. थोडा वाकडा झाला, पण ठरला. मग मोठ्यावरही तसाच चढवला.

"आता चव बघा," एस्तेरबाई म्हणाल्या.

आत्याबाईंचा हात माळेवर गेला. "मला... माळ हाय."

"माहीत आहे. म्हणून तर हा छोटा वेगळा करते. बिनअंड्याचा, तुमच्याच दह्यातला. पहिल्याच वर्षी माळ पाहिली होती मी."

"आन् मनुका कशात भिजविल्या? दारूत भिजवित्यात म्हणं."

"संत्र्याच्या रसात."

आत्याबाईंनी सुरी ओट्यावर ठेवली. बोटावरचं लोणी पदराला पुसलं. मला त्यांची दया आली, आणि थोडी माझीही, कारण त्या लबाडीत मीही सामील होते.

"एस्तेरबाई, मी त्यो केक कडुबाला देत व्हते. नऊ वर्षं."

"ठाऊक आहे. नाताळच्या सकाळी तो मला विचारतो ना, बाई, केक झाला का."

"मंग कशापायी करत राह्यल्या?"

"एखाद्या वर्षी तुम्ही खाल्लाच असता, तर?"

आत्याबाईंनी सुरी घेऊन तुकडा कापला. सवयीनं नाकापर्यंत नेला, तिथंच थांबल्या, आणि न हुंगताच तोंडात घातला. चावताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. गिळून झाल्यावर मला म्हणाल्या, "तनुजा, यातला अर्धा कागदात बांध. कडुबाचा वाटा हाय त्यो. आन् पाठवू नको, मीच नेऊन देते."